डोंगरातल्या शिकारीसाठी हलकी रायफल: निवड, जुळणी आणि नेम

"मामा, सव्वादोन किलोची रायफल बघून ठेवलीय. घेऊ का?"

भाच्याचा क्राइस्टचर्चहून फोन आला तेव्हा मी कुळागरात पोफळींना पाणी सोडत होतो. त्याला म्हटलं, "नुसत्या रायफलचं वजन सांगू नको. तिच्यावर काय काय चढणार आणि ती घेऊन तू किती चढणार, ते आधी सांग." मग बोलणं तासभर चाललं. गोव्यातून न्यूझीलंडला, कॅनडाला गेलेली आपली बरीच मुलं आता तिथे परवाना काढून डोंगरात जातात आणि हाच प्रश्न विचारतात. म्हणून फोनवर जे सांगितलं ते क्रमाने लिहून काढतोय.

त्याआधी एक गोष्ट स्वच्छ करतो. हा लेख भारतातल्या शिकारीसाठी नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमच्या आजोबांकडे पोर्तुगीज अमदानीतली परवान्याची ठासणीची बंदूक होती. आपला 'काडतूस' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलेला. पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीचं ते प्रकरण मिटवलं. १९९९ मध्ये म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं झाली. आज आमच्या वाटेवर गवा आडवा आला तर थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं आणि मग आपण निघायचं. मला हे मनापासून मान्य आहे, आणि इथल्या रानात कुणी बंदूक घेऊन शिरत असेल तर त्याला या लेखातलं एक अक्षरही उपयोगी पडू नये.

न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. हिमालयातला थार हा रानबकरा आपल्याकडे त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे पूर्ण संरक्षणात. तोच थार १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात नेऊन सोडला गेला. तिथे त्याला ना हिमबिबट्या, ना लांडगा, ना जंगली कुत्रा. कळप वाढत गेले आणि डोंगरमाथ्यावरची गवतं, झुडपं खरवडली गेली. १९९३च्या सरकारी आराखड्याने १०,०००ची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती राखायला शिकाऱ्यांचा हातभार धरलेला आहे. मी ताईकडे जातो तेव्हा भावोजींबरोबर तीनदा या थारांमागे गेलो. पुढचं सगळं त्या तीन फेऱ्यांतून आणि भावोजींच्या वीस वर्षांच्या अनुभवातून आलेलं आहे.

परवान्याचं थोडक्यात. तिथे राहणाऱ्याला बंदूक परवाना लागतो. पाहुण्याला पाहुण्यांसाठीचा परवाना मिळतो, नाहीतर परवानाधारक अगदी शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर त्याची रायफल वापरता येते. सरकारी जमिनीवर शिकारीचा परवाना वेगळा काढायचा. २०१९ नंतर अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढणाऱ्या, सेंटरफायर (मोठ्या शिकारीच्या काडतुसांच्या) रायफली तिथे बंद झाल्या. डोंगरात बोल्टची, म्हणजे हाताने खिट्टी मागेपुढे करून एकेक काडतूस चढवायची रायफलच लागते, त्यामुळे आपल्याला त्याने फरक पडत नाही.

आधी काटा, मग दुकान

जाहिरातीत रायफलचं जे वजन छापतात ते उघड्या रायफलचं असतं. भाच्याला मी ही बेरीज करायला लावली: रायफल २,९०० ग्रॅम, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) ३८०, स्कोपच्या कड्या आणि बैठक ११०, पट्टा ९०, मॅगझिनमधली चार काडतुसं ९०, आवाज कमी करणारा सप्रेसर ३३०. झाले ३,९००. दुपायी स्टँड लावला तर सव्वाचार किलो. सोललेला नारळ साधारण अर्धा-पाऊण किलोचा धरा, म्हणजे खांद्यावर सहा-सात नारळ बांधून कडा चढायचा. दुकानात पाच मिनिटं हातात धरून 'हलकी आहे' म्हणणं आणि सातव्या तासाला ती खांद्यावर असणं यांत हा फरक आहे.

म्हणून आकडा ठरवायचा तो सगळं चढवून झाल्यावरचा. माझ्या मते पहिली डोंगरी रायफल सर्व सामानासकट ३.४ ते ३.८ किलोमध्ये बसावी. चार किलोच्या वर गेली की उभ्या चढावर ती पाठीवरच्या पिशवीला बांधली जाते, आणि ऐन वेळी सोडवेपर्यंत कळप कड्याआड जातो. तीन किलोच्या खाली गेली की वेगळी अडचण येते.

ती अडचण आहे धक्क्याची. एकच काडतूस ३.६ किलोच्या आणि २.७ किलोच्या रायफलमधून झाडलं, तर हलक्या रायफलमध्ये धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त असते. खांदा दुखतो ते एक वेळ चालेल. पण डोक्याला तो धक्का आठवतो. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे सरकतो आणि गोळी खाली जाते. शिवाय हलकी नळी हृदयाच्या ठोक्याबरोबर, श्वासाबरोबर, वाऱ्याबरोबर हलते. जड रायफल आपल्या चुका पोटात घालते, हलकी रायफल त्या सगळ्या गोळीपर्यंत पोचवते.

तेव्हा वजन कुठून काढायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवणं म्हणजेच ही निवड. नळीची जाडी, दस्त्याचा माल, स्कोपचा आकार, पट्टा इथून खुशाल काढा. स्कोपची बैठक, दस्ता आणि यंत्रणा (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) जिथे एकमेकांवर बसतात ती जागा, आणि धक्का झेलणारी रबराची गादी यांतून एक ग्रॅमही काढू नका. भाच्याची सव्वादोन किलोची रायफल उत्तमच आहे, किंबरची माउंटन असेंट साधारण त्याच वजनाची असते. पण ती शे-दोनशे गोळ्या झाडून हात बसलेल्या माणसासाठी. पहिल्या खेपेला टिक्का टी३एक्स लाइटसारखी, साधारण २.९ किलोच्या आतबाहेरची रायफल घ्यावी आणि स्कोप हलका निवडावा.

काडतूस

यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. मला तो वाद फार लांबवावासा वाटत नाही. थारचा मोठा नर शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतो, चिवट असतो आणि जखमी झाला तर माणूस पोचणार नाही अशा कपारीत जातो. त्याला पुरेल इतकी ताकद हवी आणि आपल्याला सोसवेल इतकाच धक्का हवा.

७ एमएम-०८ रेमिंग्टन (१९८०पासून बाजारात) ही माझी पहिली पसंती. १४० ग्रेनची गोळी, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि हलक्या रायफलमध्येही खांद्याला झेपते. ६.५ क्रीडमूरला धक्का आणखी कमी आणि वाऱ्याचा त्रासही कमी. .३०८ विंचेस्टर १९५२चं, पण त्याची काडतुसं कुठल्याही गावात मिळतात, हा मोठा गुण आहे. १९२५चं .२७० विंचेस्टर अजूनही डोंगरात दिसतं. ताकद भरपूर, पण त्याला लांब यंत्रणा लागते आणि तेवढं वजन वाढतं. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या, जोरदार धक्क्याच्या काडतुसांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. हलकी रायफल आणि मॅग्नम ही जोडी अनुभवी माणसालाही दचकायला शिकवते.

नळी

लांबी २० ते २२ इंच. सप्रेसर लावणार असाल तर १८ ते २० पुरे, नाहीतर झुडपातून जाताना ती प्रत्येक फांदीला अडकते. एक इंच नळी कमी केली की या काडतुसांचा वेग सेकंदाला साधारण २० ते २५ फुटांनी उतरतो. ३०० मीटरच्या आत त्याने थारला काही फरक पडत नाही. सप्रेसर तिथे कायदेशीर आहे. तो कान वाचवतो, धक्काही कमी करतो, म्हणून त्याचं ३०० ग्रॅम वजन मी आनंदाने वाहतो.

बारीक नळीचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. ती लवकर तापते, आणि तापली की चौथी-पाचवी गोळी भरकटू लागते. यात नळीचा दोष नाही. डोंगरात तुम्ही थंड नळीतून एक, फार तर दोन गोळ्या झाडणार. म्हणून रायफल पारखताना दहा गोळ्यांच्या झुपक्याकडे बघू नका. थंड नळीतली पहिली गोळी रोज त्याच जागी जाते का, ते बघा.

नळी स्टेनलेस स्टीलची असावी. पण स्टेनलेस गंजतच नाही असं समजू नका, गंजते, फक्त सावकाश. समुद्राकाठच्या आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दस्ता आणि आपलं शरीर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या लोकांची सर्वांत जास्त चूक इथे होते.

बाजारातल्या रायफली बहुतेक साडेतेरा इंच किंवा त्याहून थोड्या जास्त लांबीच्या दस्त्याच्या असतात. ही लांबी म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर. ती सहा फुटी माणसाला टी-शर्टमध्ये बेतलेली. माझी उंची पाच फूट पाच इंच, आणि डोंगरात अंगावर दोन लोकरी थर आणि वर जाकीट. पहिल्या फेरीत रायफल खांद्याला लावताना दस्ता दर वेळी काखेत जाकिटाला अडकायचा. मान पुढे ताणावी लागायची आणि स्कोपमध्ये कडेने काळी सावली दिसायची. भावोजींनी दस्त्याची गादी बदलून अर्धा इंच पातळ बसवून दिली आणि सगळं एकदम जागेवर आलं.

तपासायचं असं. रायफल रिकामी आहे हे बोल्ट उघडून डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. डोंगरात घालणार तेच कपडे घाला. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपचं पूर्ण वर्तुळ मान न हलवता दिसलं पाहिजे. बसून, पालथं पडून आणि पिशवीवर टेकून हेच करा. एका जरी स्थितीत मान शोधाशोध करत असेल, तर दस्ता किंवा स्कोपची जागा चुकली आहे.

दुसरी तपासणी नोटेची. शंभराची नोट नळीखाली, नळी आणि दस्ता यांच्या फटीत घाला आणि मागे सरकवत न्या. ती यंत्रणेपर्यंत विनासायास गेली पाहिजे. आता पट्टा हाताला गुंडाळून ताणा, जसा नेम धरताना ताणतो, आणि पुन्हा सरकवा. स्वस्तातल्या प्लास्टिक दस्त्याला पीळ बसतो. मी एकाकडे बघितलं, नोट दोन इंच गेली आणि अडकली. म्हणजे पट्टा ताणला की दस्ता नळीला ढकलणार आणि नेमबाजीच्या टेबलावर बरोबर लागणारी गोळी डोंगरात भलतीकडे जाणार. कार्बन फायबरचा दस्ता महाग असतो, पण हलका असूनही तो ताठ राहतो, म्हणून तिथे पैसे खर्च करावेत. तेवढे पैसे नसतील तर निदान ताठ दस्ता घ्या, दोनशे ग्रॅम जास्त असला तरी चालेल.

चापाचं एक. चाप ओढायला लागणारं बळ १.१ ते १.४ किलोच्या आसपास ठेवा. अडीच किलोच्या रायफलला दोन किलोचा चाप असेल तर बोटाने चाप ओढताना रायफलच सरकते. उलट फार हलका चाप ठेवला तर गारठलेल्या, बधिर बोटाला तो कधी सुटला ते कळत नाही. पातळ हातमोजा घालून ओढून बघा आणि मग ठरवा.

स्कोप, आणि माझ्या हातून गेलेला नर

३ ते ९ पट किंवा २.५ ते १० पट मोठं दाखवणारा, ३६ ते ४० मिलिमीटरच्या भिंगाचा, ३३० ते ४५० ग्रॅमचा स्कोप पुरतो. लांब पल्ल्याच्या स्पर्धेचे जाड नळीचे स्कोप सहज नऊशे ग्रॅमच्या वर जातात. ते हलक्या रायफलच्या डोक्यावर ठेवले की ती वरून जड होते आणि हातात डुलते. डोळा आणि स्कोप यांच्यात साडेतीन ते चार इंच अंतर मिळायला हवं, नाहीतर उभ्या चढावर वर नेम धरताना स्कोपची कड भुवईवर आदळते.

दुसऱ्या फेरीची गोष्ट. भावोजींनी माझ्यासाठी घेतलेली रायफल एका दुकानातून स्कोप बसवून आणली होती. टेबलावर नेम छान लागला. चौथ्या दिवशी, चार तास चढल्यावर, १८० मीटरवर एक आयाळवाला नर खडकावर उभा. पिशवीवर टेकलो, श्वास बसू दिला, चाप ओढला. गोळी त्याच्या पाठीवरून गेली, मागच्या खडकाचा चुरा उडाला. नर निघून गेला, सुदैवाने अंगावर ओरखडा न येता. रात्री झोपडीत दिव्याखाली बघतो तर बैठकीचा पुढचा स्क्रू नखाने फिरत होता. बसवणाऱ्याने तो घट्ट केला नव्हता, आणि मी तो एकदाही तपासला नव्हता. नर घायाळ झाला असता तर, हा विचार त्या रात्री बराच वेळ डोक्यात होता.

तेव्हापासून स्कोप आम्ही घरीच बसवतो. क्रम असा:

१. रायफल रिकामी करून बोल्ट काढून ठेवा. काडतुसं त्या खोलीत नकोत.

२. बैठकीचे स्क्रू आणि त्यांची भोकं स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढा. बैठकीच्या स्क्रूंना निळ्या रंगाच्या, पुन्हा सोडवता येणाऱ्या चिकट द्रवाचा एक थेंब लावा. पिळाचं बळ दाखवणारा पाना घ्या आणि कंपनीने दिलेल्या आकड्याइतकंच पिळा.

३. स्कोप कड्यांत सैल ठेवून जाकीट घालून आडवे पडा. सगळ्यात मोठ्या पटीवर पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत पुढे-मागे सरकवा. मग बसून बघा. दोन्हींतला मध्य पकडा.

४. स्कोपमधली नेमाची फुली सरळ करायला गवंड्याचा ओळंबा वापरा. वीस मीटरवर ओळंबा टांगा, रायफल आडवी न कलता घट्ट टेकवा आणि फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसवा. फुली कललेली असेल तर जवळ कळत नाही, ३०० मीटरवर गोळी बाजूला जाते.

५. कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळा. बहुतेक कड्यांना १५ ते १८ इंच-पौंड पुरतात. त्याहून जास्त पिळलं तर स्कोपची नळी चेपते.

६. ताईकडून नेलपॉलिश घ्या. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कडीपर्यंत एक बारीक रेघ ओढा. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सकाळी निघताना आणि दुपारी विसाव्याला या रेघा बघायला दहा सेकंद लागतात.

दस्ता आणि यंत्रणा जोडणारे दोन मोठे स्क्रूही असेच बघायचे आणि त्यांनाही रेघ ओढायची.

नेम जुळवणं

झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर फुली जिथे, तिथेच गोळी जाईल असं स्कोप जुळवणं. परवानगी असलेल्या नेमबाजीच्या मैदानातच हे करा.

बोल्ट काढून नळीतून मागून बघा आणि २५ मीटरवरच्या कागदाचा मध्य नळीच्या गोलात आणा. रायफल न हलवता फुली त्याच मध्यावर आणा. आता बोल्ट घालून एक गोळी झाडा आणि जुळवा. २५ मीटरवर गोळी मधोमध लागू लागली की वर सांगितलेल्या काडतुसांचा नेम २०० मीटरच्या जवळपास आलेला असतो. पण तेवढ्यावर थांबायचं नाही.

१०० मीटरवर तीन गोळ्या झाडा, पण दोन गोळ्यांमध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. ही घाई सगळे करतात आणि तापलेल्या नळीवर स्कोप फिरवत बसतात. तीन गोळ्यांचा मध्य काढून त्यावरून जुळवा, एका गोळीवरून नाही. स्कोपची एक टिचकी ०.१ मिलची असेल तर १०० मीटरवर ती एक सेंटिमीटर, पाव मिनिटाची असेल तर साधारण सात मिलिमीटर (मिल आणि मिनिट ही इथे कोनाची मापं).

मी नेम २०० मीटरला जुळवतो. ७ एमएम-०८च्या १४० ग्रेन गोळीला याचा अर्थ असा: १०० मीटरवर गोळी साडेसहा सेंटिमीटर वर, म्हणजे चार बोटं. ३०० मीटरवर साधारण २७ सेंटिमीटर खाली, म्हणजे सव्वा वीत. हे आकडे हिशोबाचे आहेत. तुमच्या रायफलचे खरे आकडे ३०० मीटरवर प्रत्यक्ष झाडून बघा आणि दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

टेबलावर झालं की टेबल सोडा. डोंगरात टेबल नसतं. पाठपिशवी जमिनीवर टाकून तिच्यावर दस्त्याचा पुढचा भाग टेकवा, नळी कधीच टेकवू नका, आणि मागच्या बाजूला दस्त्याखाली गुंडाळलेली टोपी धरा. हलकी रायफल सैल धरली की उसळते आणि गोळी वर जाते. पुढच्या हाताने दस्ता खाली, पिशवीत दाबून धरा. टेबलावरच्या आणि पिशवीवरच्या नेमात फरक आला तर पिशवीवरचा खरा मानून स्कोप जुळवा.

आता नाश्त्याची वीतभर बशी घ्या. कागदावर तेवढं वर्तुळ काढा. थारचं काळीज आणि फुप्फुसं साधारण तेवढ्या जागेत असतात. पिशवीवर टेकून, थोडं पळून धाप लागल्यावर, पाचपैकी पाचही गोळ्या ज्या अंतरापर्यंत त्या बशीत जातात, तो तुमचा पल्ला. माझा २५० मीटर आहे. भावोजींचा ३५०. माझ्यासमोर ३०० मीटरवर नर आला तर मी जवळ जायची वाट शोधतो, नाहीतर दुर्बिणीतून बघत बसतो.

चढ-उताराचा हिशोब बहुतेकांना उलटा वाटतो. वर नेम धरा किंवा खाली, दोन्ही वेळा गोळी अपेक्षेपेक्षा वर जाते, कारण गुरुत्वाकर्षण आडव्या अंतराएवढंच खेचतं. ३०० मीटरवरचा नर ३० अंश वर असेल तर तो २६० मीटरवर आहे असं धरून नेम घ्यायचा. ४५ अंशाला २१०. अंतर मोजायची दुर्बीण कोन धरून आकडा देते, ती घ्या.

आणि एक तपासणी रायफलच्या बाहेरची. नर पडला तर तो कुठे जाईल? थार कड्याच्या धारेवर उभे राहतात. पडल्यावर तो तीनशे मीटर खाली, दोर लावल्याशिवाय पोचता येणार नाही अशा घळीत जाणार असेल, तर चापावर बोट जाता कामा नये. मागे काय आहे आणि समोर नक्की काय आहे, हेही त्याच श्वासात बघायचं.

गोव्यात असताना

माझी रायफल तिथेच भावोजींच्या तिजोरीत असते. इथे मी तयारी करतो ती पायांची आणि खांद्याची. माटीच्या, म्हणजे ऐनाच्या लाकडाचा साडेतीन किलोचा तुकडा कापून घेतलाय, गोणपाटात गुंडाळतो, म्हणजे लांबून कुणाला बंदुकीचा भास होत नाही, आणि पट्ट्याने खांद्याला अडकवतो. पाठीवर बारा किलोची पिशवी. आमच्या घरामागची चढण आठवड्यातून तीनदा. अभयारण्याच्या हद्दीत हे करत नाही. पावसाळ्यात, चिखलात, पट्टा खांद्यावरून घसरतो की नाही ते इथेच कळतं. रबरी आतली बाजू असलेला अरुंद पट्टा मी अशाच एका जुलैमध्ये निवडला.

आणि भिंगं. माझी दुर्बीण इथे असते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या भिंगावर कोळिष्टकासारखी बुरशी धरते. ती एकदा काचेच्या लेपात शिरली की निघत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा त्या तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा आत. चामड्याच्या पाकिटात तर कधीच ठेवू नका, ओल तेच धरून ठेवतं.

डोंगरात

नळीच्या तोंडावर साधी विजेची काळी चिकटपट्टी लावा, बर्फ आणि चिखल आत जात नाही. गोळी झाडताना ती काढायची गरज नसते, गोळीच्या पुढे ढकलली जाणारी हवाच ती उडवते. नळीत बर्फ गेलेला असताना गोळी झाडली तर नळी फाटू शकते, म्हणून पडझड झाली की बोल्ट काढून नळीतून आरपार बघा.

बोल्टमधलं तेल आणि ग्रीस जाण्याआधी पुसून कोरडं करा. थंडीत ते घट्ट होतं आणि काडतूस पेटवणारी टाचणी त्यावर पुरेशा जोराने आदळत नाही. चाप ओढला आणि नुसता 'टक' आवाज आला, हे मी दुसऱ्या एकाच्या बाबतीत पाहिलंय. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा-एक मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

चढताना नळीच्या मागच्या टोकाच्या कोठीत, जिथून गोळी सुटते तिथे, काडतूस नको. मॅगझिनमध्ये असू दे. खाली बसून नेम धरायची वेळ येईल तेव्हाच ते पुढे सरकवायचं, आणि नर निघून गेला तर उठण्याआधी काढून घ्यायचं. निसरड्या गवतावर पाय कधी जाईल सांगता येत नाही.

रात्री रायफल शेकोटीच्या उबेत आणू नका. गार लोखंडावर आणि भिंगावर दव धरतं, सकाळी बाहेर नेली की तेच गोठतं. झोपडीच्या बंद पडवीत, थंडीतच ठेवा. बोल्ट काढून फडक्यात गुंडाळून स्वतःजवळ घ्या आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत कुलपात.

परवा भाच्याने बॅग तोलायच्या काट्यावर लटकवलेल्या रायफलचा फोटो पाठवला. सप्रेसर, स्कोप, चार काडतुसांसकट ३ किलो ६१० ग्रॅम. पट्टा फार रुंद दिसतोय, तेवढा बदलायला सांगितलाय. आणि स्क्रूंवर रेघा अजून ओढलेल्या नाहीत.